राजगडावर चांदणं नव्हतं

भोर

चि. बाळ,


तुझ्या कादंबरीचं बाड वाचून संपवलं. सईबाईंवर लिहायला घेतलंस याचा मला मनापासून आनंद झाला. वेल्ह्याच्या मुलीने हे लिहायलाच हवं होतं. तुम्ही सकाळी दार उघडता तेच राजगड बघत, आणि सरकारनेही आता तुमच्या तालुक्याला त्याचंच नाव दिलंय. पण त्या गडावर देह ठेवलेल्या या बाईची आठवण आपण किती जण काढतो?

शेवटच्या प्रकरणाशी मात्र मी अडले. सईबाईंनी प्राण सोडला त्या रात्री तू पद्मावती तळ्यावर टिपूर चांदणं पसरलं आहेस. त्या गेल्या 5 सप्टेंबर 1659 रोजी. तिथी भाद्रपद वद्य चतुर्दशी, म्हणजे दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या. त्या रात्री चंद्र कुठला असायला? शिवाय भाद्रपदातला राजगड तू माझ्यापेक्षा जास्त पाहिला आहेस. ढग माचीवर उतरतात, दगडांना शेवाळ धरतं, चार पावलांवरचा माणूस दिसेनासा होतो. अशा अंधारात, पितृपक्षात, सव्वादोन वर्षांचं शंभूबाळ आईला पोरकं होतं, आणि तिकडे अफजलखान वाईला तळ देऊन बसलेला. चांदणं पुसून टाक. खरी तिथी तुझ्या प्रकरणाला जे देते आहे ते कोणत्याही चांदण्याने मिळणार नाही.

प्रेमाची गोष्ट लिहिताना इतिहास आड येतो असं तू पत्रात लिहिलं आहेस. मला तसं वाटत नाही. सईबाईंबद्दल कागद फार थोडं बोलतात. फलटणच्या निंबाळकरांची लेक, शिवाजीराजांची पहिली राणी, संभाजीराजांची आई, एवढं सांगून ते गप्प होतात. ते जिथे गप्प होतात तिथे तुझी लेखणी मोकळी आहे. राजा-राणीत काय बोलणं झालं असेल ते तू लिही, बिनधास्त लिही. पण कागद जिथे बोलला आहे तिथे त्याचा एक शब्दही फिरवू नकोस. आपल्याच भोर तालुक्यातल्या कारीच्या जेधे देशमुखांकडची शकावली लोकमान्य टिळकांनी 1916 साली छापून आणली. नुसत्या तिथ्या आणि तुटक नोंदी. पण शिवरायांच्या जन्मतिथीच्या शोधाला त्या कोरड्या ओळींमुळेच वेगळं वळण मिळालं. तिचं छापील पुस्तक मिळव आणि लिहिताना हाताशी ठेव.

आणि धाराऊ कुठे आहे तुझ्या कादंबरीत? तिला तू दोन ओळींत उरकलं आहेस. आईला दूध पुरेना म्हणून शंभूबाळाला पाजायला कापूरहोळची धाराऊ गाडे आली. आपण सातारा रस्त्याने जाता-येता एसटीतून बघतो तेच हे कापूरहोळ. स्वतःचं मूल दुसरीच्या पदराखाली बघणारी आई आणि ते मूल उराशी धरणारी बाई, यांच्यातलं नातं लिहायला तुला अख्खं प्रकरण लागेल. कादंबरीतलं सगळं प्रेम नवरा-बायकोतच कशाला शोधायचं?

आता तुझा दुसरा प्रश्न. एका प्रकाशकांनी तुला आधी रील करायला सांगितलं, लोक जमले की मग पुस्तकाचं बघू म्हणाले, आणि तू हिरमुसलीस. रील कर की, त्यात वाईट काही नाही. हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि ‘उषःकाल’ त्यातूनच क्रमशः वाचकांच्या हाती दिली. वाचक पुढच्या अंकाची वाट बघत राहिला. आपलं लेखन घरोघरी पोचवण्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही, मग तुला का वाटावा?

पण तुझ्यासमोर मी उदाहरण ठेवीन ते गोनीदांचं. गो. नी. दांडेकर तळेगाव दाभाड्याला राहायचे. गडकिल्ले त्यांनी पायांनी वाचले, राजगडावर तर त्यांचा भारी जीव. तुमच्या तोरण्याच्या झुंजार माचीचं नाव त्यांनी कादंबरीला दिलं. आणि लिहून झाल्यावर ते घरी बसून राहिले नाहीत. 1975 पासून कन्या वीणाताई आणि जावई विजय देव यांना बरोबर घेऊन त्यांनी कादंबऱ्यांचं अभिवाचन सुरू केलं. ना नेपथ्य, ना वेशभूषा. हातात कागद, समोर माईक, आणि सभागृह भरलेलं. मी पुण्यात एकदा ऐकलं आहे. एका संवादापाशी वाचणारा क्षणभर थांबला, तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईंनी माझा हात घट्ट धरला होता. बाहेर आल्यावर पुस्तकांच्या टेबलाशी गर्दी झाली, पण कोणी कोणाला ‘पुस्तक घ्या’ म्हटलं नव्हतं. गोनीदा 1998 मध्ये गेले, त्यानंतरही घरच्यांनी हे वाचन चालू ठेवलं.

मोठ्याने वाचण्याचा आणखी एक फायदा आहे. खोटं वाक्य तोंडात अडकतं. तुझ्या सईबाई दोन-तीन ठिकाणी अगदी टीव्ही मालिकेतल्यासारख्या बोलतात. माणसांसमोर वाचशील तेव्हा तुझं तुलाच कळेल.

आणि घाई करू नकोस. ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ 1972 सालची. तिच्यावर बेतलेला ‘बाजीराव मस्तानी’ पडद्यावर आला तो 2015 मध्ये, आणि इनामदार 2002 मध्येच गेले होते. पहिली आवृत्ती वर्षभरात संपली नाही म्हणून रडत बसायचं नाही. प्रकाशनपूर्व सवलत ठेव, वाचनालयांना स्वतः पत्रं घाल, शाळेत बोलावलं तर मानधन न विचारता जा.

दिवाळीच्या सुट्टीत बाड घेऊन इकडे ये. तोवर धाराऊचं प्रकरण लिहून झालेलं असू दे. कापूरहोळला माझ्या ओळखीच्या चार-पाच बायका आहेत, त्यांना एका दुपारी ओसरीवर बसवू आणि तू वाच. कुठे त्यांची चुळबुळ होते ते मी समासात टिपून ठेवीन.

तुझी,
आत्या