कारणाचा माग किती मागे न्यावा?

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे चारनंतर कोयनानगर हादरलं. पावणेदोनशेच्या आसपास माणसं दगावली, 103 मीटर उंचीच्या धरणाला तडे गेले. धरणाच्या गॅलरीत बसवलेल्या यंत्राने मात्र त्या काही सेकंदांचा हिसका न् हिसका टिपला. जलाशय भरू लागल्यावर 1962 पासून लहान धक्के जाणवत होते, म्हणून या भागात मापनयंत्रं आली. त्या पहाटेची नोंद पुढे जगभरच्या काँक्रीट धरणांच्या अभ्यासात वापरली गेली. खर्च साताऱ्याच्या डोंगरात झाला, फायदा कुठच्या कुठे पोचला.

संगणकाचा प्रोग्राम कोसळतो तेव्हाही अशीच नोंद लागते. कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं, याची ती उलटी साखळी म्हणजे बॅकट्रेस. ती फुकट मिळत नाही. 2022 च्या पायथन 3.11 ने ओळीतला नेमका कुठला तुकडा चुकला हे दाखवायला सुरुवात केली. त्यापायी संकलित फाइली सुमारे पाचव्या हिश्शाने फुगल्या. माग काढणं सोपं व्हावं म्हणून 2023 च्या फेडोरा 38 या लिनक्स प्रणालीने प्रोग्राम थोडे मंदावणं पत्करलं, तेही बऱ्याच वादानंतर. शिवाय प्रत्येक आवृत्तीची डीबग-माहिती जपून ठेवायची. ती जुळली नाही तर हाती नुसते आकडे उरतात.

जावाची तऱ्हा तर और. काही ठरावीक चुका एकाच जागी फार वेळा घडू लागल्या, की तिचं यंत्र गतीसाठी त्यांचा माग देणंच थांबवतं. लॉगमध्ये त्या चुकीचं नुसतं नाव येत राहतं. हिशेब चोख आहे, पण रात्री दोनला तो लॉग वाचणाऱ्याला विचारा!

माग किती मागे न्यावा, हा प्रश्न सातारा जिल्ह्यातल्या वाईला नवा नाही. तिथल्या प्राज्ञपाठशाळेत न्याय आणि मीमांसा ही दर्शनं शिकवली जात. लक्ष्मणशास्त्री जोशी यांची ‘तर्कतीर्थ’ ही पदवीही न्यायातलीच. कारणाला कारण, त्यालाही कारण असं न संपणारं मागे जाणं हा नैयायिकांच्या लेखी अनवस्था दोष. पण बीज आणि अंकुर यांची साखळी अनादि असूनही ते ती दोषाची मानत नाहीत, कारण तिने काही अडत नाही. थांबायचं कुठे, हे साखळीच्या लांबीवरून ठरत नाही.

सांगलीत ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, तेव्हा हाच पेच गल्लीत आला. कुणी अलमट्टी धरणाकडे बोट दाखवलं, कुणी कोयनेच्या विसर्गाकडे, कुणी पावसाकडे, कुणी पूररेषेतल्या बांधकामांकडे. ‘हवामान बदललं’ म्हटलं की साखळी पूर्ण होते, पण कोणाच्याच दारात थांबत नाही. बांधकामाची परवानगी देणाऱ्याच्या टेबलाशी ती थांबते, कारण तिथे काही बदलता येतं.

प्रोग्रामच्या बाबतीत आणखी एक नैतिक गाठ आहे. माग वाचतो प्रोग्रामर. मंद गतीची किंमत रोज मोजतो वापरणारा, ज्याला विचारलेलं नसतं. म्हणून टक्का-दोन टक्क्यांत मिळणारा माग कायम चालू ठेवावा, आणि त्याहून महाग मागाची कळ, रस्ट भाषेत आहे तशी, गरजेनुसार फिरवण्याजोगी ठेवावी. ज्या प्रणालीवर माणसांचे जीव अवलंबून आहेत, तिथे मात्र ही काटकसर करू नये.