मार्ग आधी कोणाचा?

महाभारताच्या वनपर्वात अष्टावक्राची कथा आहे. वाकडे शरीर घेऊन जन्मलेला हा बालक जनकराजाच्या यज्ञास निघाला असता वाटेत राजाची गाठ पडली व त्यास अडविण्यात आले. तेव्हा तो निर्भयपणे म्हणाला की, वाट आधी आंधळ्याची, मग बहिऱ्याची, स्त्रीची व ओझे वाहणाऱ्याची. राजाची पाळी त्यांच्या मागून. जनकाने ते मानले व वाट सोडली. राजाने येथे भिक्षा घातली नाही. ज्याचे होते ते त्यास दिले.

आज हाच प्रश्न शाळेच्या दाराशी उभा आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने, ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या बालकास जवळच्या अथवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क दिला आहे. अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यावा, इमारत वावरण्याजोगी करावी, परीक्षेत लेखनिक व अधिक वेळ मिळावा, अशी त्यात तरतूद आहे.

यावर दोन शंका घेतल्या जातात. पहिली ही की, व्यंग हे पूर्वकर्माचे फळ. त्यात इतरांनी का पडावे? याचे उत्तर असे : कर्माची गती गहन आहे, असे भगवंतांनीच गीतेत सांगितले आहे. जेथे ज्ञानीही मोहित होतात, तेथे शाळेच्या पायरीवर उभे राहून आपण निवाडा करावा काय? तहानलेल्यास पाणी देताना त्याचे प्रारब्ध कोणी विचारीत नाही. ते आपल्या हाती नाही. आपले कर्तव्य मात्र आहे.

दुसरी शंका अशी की, सर्वांस एकच नियम ही समता. मग एकासच अधिक वेळ का? याचे उत्तर जयपुरात मिळते. १९६८ च्या सुमारास तेथील सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा व डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा कृत्रिम पाय सिद्ध केला. परदेशी धर्तीचा पाय बुटासाठी घडविलेला. तो लावून मांडी घालणे, उकिडवे बसणे, अनवाणी शेतात जाणे कठीण. जयपूरच्या पायाने हे साधले. तेथे माणसाचे जीवन पायासाठी वळविले नाही. पाय जीवनासाठी घडविला. शाळेनेही तसेच करावे. दृष्टी सम असावी, देणे गरजेनुरूप असावे. मातेचे सर्व लेकरांवर सारखेच प्रेम असते, म्हणून ती तान्ह्यास भाकरी वाढीत नाही.

मग दयेस स्थान नाही काय? आहे, पण दया दात्याच्या इच्छेवर राहते आणि इच्छा आज आहे, उद्या नाही. म्हणूनच कायदा हवा. तथापि कायदा दार उघडील, वर्गातील मने उघडणार नाही. ते कार्य गृहस्थाचे आहे. ‘त्या मुलामुळे आमच्या मुलाचा अभ्यास मागे पडतो’ असे घरात बोलले गेले, तर लेकराच्या कानी तोच धडा पडतो. लोकसंग्रहार्थ कर्म करणाऱ्यांत गीतेने जनकाचे नाव घेतले आहे. मिथिलेच्या राजाने जी वाट सोडली, ती सोडण्यास आपल्या मुलांस शिकविणे, हेच आज आपणांस शक्य असलेले जनकाचे अनुकरण होय.