खांदेरीचा दिवा

उन्हाळ्याच्या सुटीत मुलाबाळांसह समुद्रकाठी गेलेला गृहस्थ बहुधा वाळू, नारळीची सावली आणि ताजी मासळी एवढ्यावर संतुष्ट असतो. आम्हीही त्याच वर्गातले. परंतु अलिबागेस मुक्काम असता धाकट्या चिरंजीवांनी रात्री समुद्रात लुकलुकणारा एक दिवा पाहिला आणि तो जवळून पाहावयाचाच असा हट्ट धरला. दुसऱ्या दिवशी थळच्या एका कोळ्याची होडी ठरवून आम्ही सहकुटुंब खांदेरीस गेलो.

हे बेट म्हणजे एक चमत्कारिक जागा आहे. १६७९ साली शिवाजीमहाराजांनी मुंबईकर इंग्रज आणि जंजिरेकर सिद्दी या दोघांच्याही डोळ्यांदेखत त्याला तट घालण्यास आरंभ केला. इंग्रजांनी वेढा देण्यासाठी गलबते धाडली. पण मायनाक भंडाऱ्याच्या हाताखालच्या लहान होड्या रात्रीच्या काळोखातून निसटून बेटावर सामान पोहोचवीत राहिल्या आणि काम थांबले नाही. अंधार त्या वेळी आपला सोबती होता. पुढे १८१८ नंतर बेट इंग्रजांच्या हाती गेले आणि १८६७ साली त्याच तटाच्या आत त्यांनी आठकोनी मनोरा उभारून दिवा लावला. ज्या खडकावरून परक्यांची जहाजे रोखावयाची, त्याच खडकावरून त्यांना वाट दाखविण्याचे काम सुरू झाले. आज त्या दिव्याला नाव आहे ते ज्यांना इंग्रज चाचा म्हणत त्या कान्होजी आंग्र्यांचे! काळाला विनोदबुद्धी असते ती अशी.

गाड्यांवर चढवलेल्या जुन्या तोफा, दगडाने ठोकल्यास धातूसारखा वाजणारा तो प्रसिद्ध खडक, वेताळाचे देऊळ, सर्व पाहून झाले. मग मनोऱ्याच्या सावलीत शिदोरी सोडली असता चिरंजीवांनी विचारले, "बाबा, शत्रूचे जहाज आले, तर हा दिवा त्यालाही वाट दाखवतो?" मी म्हटले, "दाखवतो." "मग हा कोणाच्या बाजूचा?"

या प्रश्नाला तेथल्या तेथे मजजवळ उत्तर नव्हते. पुढे आठवली ती एडिस्टनची गोष्ट. इंग्लंडात प्लिमथच्या समोर भर समुद्रात एडिस्टन नावाचे घातकी खडक आहेत. त्यांवर विन्स्टॅन्ली नावाचा गृहस्थ दीपस्तंभ बांधीत असता १६९७ साली एका फ्रेंच जहाजाने त्याला पकडून नेले. कारण त्या वेळी दोन्ही राष्ट्रांत युद्ध चालू होते. चौदाव्या लुईने त्याला सोडून दिले. आपले वैर इंग्लंडाशी आहे, मनुष्यजातीशी नाही, असे तो म्हणाल्याचे सांगतात. उद्गार मोठा खराच. पण त्या खडकांवर फ्रेंच जहाजेही फुटू शकत होती, हे राजाच्या ध्यानात आले नसेल असे समजण्याइतके आपण भोळे असू नये. बिचारा विन्स्टॅन्ली मात्र १७०३ च्या महावादळात आपल्याच मनोऱ्यासह वाहून गेला.

खांदेरीच्या दिव्यामागचा हेतू तर याहूनही साधा होता. मुंबईच्या बंदरात जहाजे वाढली होती, माल बुडणे परवडणारे नव्हते. भूतदयेचा अंश त्यात असलाच, तर तो हिशेबाच्या वहीत नोंदलेला नसणार. शिवाय त्या उजेडात आपला कापूस बाहेर गेला आणि तयार कापड आत आले, हेही विसरता येत नाही.

हेतू असा असता कृत्याला चांगले म्हणावे काय? लोकमान्यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त याच प्रश्नाची चर्चा केली आहे. अमेरिकेतील एका शहरात ट्रामगाडी सुरू करण्याची परवानगी अधिकाऱ्यांना लाच देऊन मिळविण्यात आली. ट्रामगाडीने लोकांची सोय पुष्कळ झाली, तरी लाच देणाऱ्यास शिक्षा झाली. तात्पर्य, बाह्य फळावरून कर्माची किंमत ठरत नाही, कर्त्याच्या बुद्धीवरून ठरते. कर्त्याचा न्याय करावयाचा असेल, तर हे मत मला निर्विवाद वाटते. परंतु दीपस्तंभाचा कर्ता कोण? पैसा मंजूर करणारा अधिकारी, दगड घडविणारा पाथरवट, की रात्र रात्र जागून भिंगाची काच पुसणारा पगारी राखणदार? ज्याची बुद्धी तपासावी, असा एक मनुष्यच तेथे सापडत नाही.

अर्थशास्त्र्यांनीही या दिव्यावर बरीच शाई खर्च केली आहे. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४८ साली लिहिले की, भर समुद्रात उजेडाचा लाभ घेणाऱ्याकडून मोल वसूल करता येत नाही, म्हणून दीपस्तंभ सरकारानेच बांधावेत. त्यावर रोनाल्ड कोस याने १९७४ साली जुने दाखले काढून दाखविले की, इंग्लंडात कित्येक दीपस्तंभ खाजगी लोकांनीच बांधले होते आणि त्यांचा कर बंदरात जहाजांकडून घेतला जाई. दोघांचे म्हणणे मनात ठेवून मी परतताना नावाड्याला विचारले, "या दिव्याचा कर तुम्हांला पडतो का हो?" तो हसला. "आमच्याकडनं कोण घेणार, साहेब? रात्रीचं येताना तो दिसला की थळ कुठं ते कळतं, एवढंच."

हा मनुष्य १८६७ च्या हिशेबात कोठेच नव्हता. ज्यांच्या मालासाठी दिवा लागला त्यांचे राज्य गेले. मोठी जहाजे आता उपग्रहांच्या आधाराने चालतात. आणि ज्याचा कोणी विचारही केला नव्हता, ज्याच्या जातभाईंनी एके काळी काळोखाचा आश्रय करून याच बेटावर दगड पोहोचविले असतील, तो त्या दिव्याकडे पाहून घरी येतो. हेतूपेक्षा उजेड लांब गेला, एवढेच मी म्हणेन. त्यामुळे मूळ हेतू पवित्र झाला, असे मी म्हणणार नाही.

होडी किनाऱ्याला लागेतो मुलाला उत्तर देणे प्राप्तच होते. दिवा कोणाच्याच बाजूचा नसतो, असे सांगणार होतो; पण तेही सर्वस्वी खरे नव्हे. १९३९ ते १९४५ च्या महायुद्धात कित्येक किनाऱ्यांवरील दिवे मुद्दाम मंद केले वा विझविले गेले. तेव्हा मी त्याला म्हटले, "दिवा बाजू घेत नाही, पण त्याची कळ माणसाच्या हातात असते." त्याचे समाधान झाले नाही, हे त्याच्या तोंडावर दिसत होते. आणि खरे सांगावयाचे तर माझेही झाले नव्हते.

त्या रात्री जेवणे आटोपल्यावर दोन्ही मुले वाळूत बसून एका झोतापासून दुसऱ्या झोतापर्यंत आकडे मोजीत होती. दोघांची मोजणी दर वेळी निराळी येत होती आणि भांडण आईपर्यंत गेले होते.