शमुवेलाने उघडलेली दारे

शास्त्रभाग : १ शमुवेल ३:१-१८



उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आपल्या मंडळ्यांतून सुट्टीतील बायबल शाळेची तयारी सुरू होते. गीते बसविली जातात, रंगीत तक्ते काढले जातात, बक्षिसे आणली जातात. भिलाईसारख्या ठिकाणी, जेथे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, ही शाळा भल्या सकाळी भरते आणि ऊन तापण्यापूर्वी सुटते. अखेरच्या दिवशी समारंभ होतो, मुले पाठ केलेली वचने म्हणून दाखवितात, आणि आपण समाधानाने घरी जातो. या समाधानाविषयीच आपल्याशी थोडे बोलावे असे मनात आहे.

बाळ शमुवेलाची गोष्ट सांगितल्यावाचून अशी शाळा सहसा पार पडत नाही. रात्रीची हाक आणि तीनदा उठून एलीकडे धावणारा मुलगा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु या अध्यायातील दोन वचने शेजारी ठेवून पाहा. पहिल्या वचनात शमुवेल परमेश्वराची सेवा करीत होता असे म्हटले आहे. सातव्या वचनात मात्र त्याला परमेश्वराची ओळख अद्याप झाली नव्हती असे स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे सेवा आधी आणि ओळख नंतर. आपला क्रम नेमका याच्या उलट असतो. मुलाने प्रथम शिकावे, पाठ करावे, मोठे होऊन विश्वास जाहीर करावा, आणि मग सवड मिळाल्यास सेवा करावी.

आणि ही सेवा तरी कोणती? पंधराव्या वचनावरून एवढे कळते की, सकाळी परमेश्वराच्या मंदिराची दारे उघडणे हे त्याच्याकडे होते. घरातल्या मुलाला सांगावे असेच हे काम. तथापि त्याच्या सेवेसाठी मूळ इब्री भाषेत जे क्रियापद आले आहे, तेच निर्गम २८:३५ मध्ये अहरोनाच्या याजकीय सेवेसाठी वापरले आहे. आपण मोठ्यांनी जी प्रतवारी लावली आहे, ती शास्त्राने लावलेली नाही.

भाषांतराच्या मेजावर बसणाऱ्याला असे शब्द वारंवार अडवितात. नीतिसूत्रे २२:६ मध्ये मुलाला शिक्षण देण्याविषयी जे क्रियापद आहे, ते अनुवाद २०:५ मध्ये नव्या घराच्या संदर्भात येते, आणि १ राजे ८:६३ मध्ये शलमोनाने मंदिराचे समर्पण केले तेथेही तेच आहे. मराठीत 'शिक्षण देणे' हे भाषांतर चुकीचे नाही, पण त्यातून घराचा उंबरठा निसटतो. घराचे समर्पण ते कुलूप लावून ठेवण्यासाठी करीत नाहीत. त्या दिवसापासून त्यात राहावयाचे असते, चूल पेटवावयाची असते.

भिलाईच्या माणसाला हे सांगावे लागत नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भट्टीचे उद्घाटन म्हणजे तिच्यातून लोखंड बाहेर पडू लागणे. भट्टी बांधून, रंगवून, फीत कापून थंडच ठेविली, तर त्याला कोणी उद्घाटन म्हणेल काय?

छत्तीसगडातील मंडळीचा इतिहासही याच बाजूचा आहे. १८६८ मध्ये ऑस्कर लोर यांनी विश्रामपूर येथे कार्य आरंभिले. १८९९ मध्ये मेनोनाइट मिशनरी धमतरी येथे आले, तो काळ भीषण दुष्काळाचा होता. अनाथ मुलांना जेवू घालणे, त्यांना सांभाळणे येथूनच त्या मंडळीचा पाया पडला. त्याच सुमारास, १८९८ मध्ये, न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत एका बाईने रस्त्यावरच्या मुलांसाठी उन्हाळ्यात रोजची बायबल शाळा भरविली. तिला जागा मिळाली ती भाड्याच्या दारूगुत्त्याची! आपल्या आजच्या सुट्टीतील शाळांची ही एक पूर्वज. ती मंडळीच्या मुलांची करमणूक व्हावी म्हणून निघाली नव्हती, एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

आता एक कबुली. काही वर्षांपूर्वी भिलाईतील अशाच एका शाळेत मी पाहुणा शिक्षक होतो. मल्याळी, तेलुगू, उडिया, छत्तीसगडी, मराठी अशा घरांतील मुले एकत्र बसत आणि शिकविणे हिंदीतून चाले. शेवटून दुसऱ्या दिवशी मी योहानाच्या तेराव्या अध्यायातून प्रभूने शिष्यांचे पाय धुतल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी समारंभानंतर खाऊच्या पत्रावळी आणि कागद सर्वत्र पडले होते, आणि सफाई करणाऱ्या बाई एकट्या झाडीत होत्या. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी उठली आणि कोपऱ्यातला दुसरा झाडू तिने उचलला. मी लगबगीने म्हणालो, "राहू दे बेटा, नवा फ्रॉक मळेल." तिने माझ्याकडे पाहिले, झाडू जागेवर ठेवला आणि ती रांगेत जाऊन बसली.

त्या क्षणी मला काहीच वाटले नाही. परतीच्या गाडीत मार्काचा दहावा अध्याय आठवला. बालकांना अडविणारे परके नव्हते, शिष्यच होते, आणि प्रभूला राग आला तो त्यांचा. फ्रॉक हे तर निमित्त होते. आपल्या देशात झाडू कोणाच्या हाती असावा याचा एक जुना हिशेब आहे, आणि तो माझ्याही मनात कोठेतरी शाबूत होता. आदल्या दिवशीचा माझा सगळा धडा त्या एका वाक्याने मी पुसून टाकला.

शमुवेलाला परमेश्वराची हाक एलीच्या हाकेसारखी वाटली, यात पालकांना व शिक्षकांना मोठा धीर आहे आणि तितकेच भयही आहे. मूल देवाचा आवाज प्रथम आपल्या आवाजातून ऐकते. म्हणून दुर्ग, राजनांदगाव, इंदूर, हैदराबाद येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना विनंती करावीशी वाटते की, शाळेतील धडा कोणत्याही भाषेत होवो, रात्रीची प्रार्थना तरी घरच्या भाषेत व्हावी.

एलीचे डोळे मंद झाले होते, पुत्रांच्या बाबतीत तो चुकला होता. तरी त्याचा एक मोठेपणा आपण विसरतो. मुलाला मिळालेला संदेश एलीच्याच घराण्याविरुद्ध होता. शमुवेल सांगावयास भीत होता, पण एलीने त्याच्याकडून तो आग्रहाने वदवून घेतला आणि निमूट मान्य केला. सेवेला लावलेले मूल आज ना उद्या आपल्याला अवघड प्रश्न विचारणार. त्या मुलीने मला विचारला नाही, कारण मी तिला बसविले होते.

अलीकडे कोणी अशा शाळेला बोलाविले तर मी संयोजकांना आधी पत्र लिहितो. मंदिराची किल्ली त्या दहा दिवसांत आळीपाळीने मुलांच्या हाती द्यावी, आजारी सभासदांच्या घरी त्यांना बरोबर न्यावे, आणि बक्षिसांच्या रकमेतून थोडे वाचवून पाच-सहा झाडू अधिक आणावेत. झाडूंविषयी बहुतेकांचे उलट पत्र येते की, हे आपण चुकून लिहिले आहे काय?