शुभ आणि लाभ
ग्रामीण घरोघरी दरडोई दररोज ५५ लिटर पाणी नळाने पोहोचविण्याचा संकल्प १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झाला, आणि शहादे तालुक्यातील ब्राह्मणपुरीसारख्या गावीही नळदुरुस्ती हा चरितार्थाचा मार्ग ठरू शकेल, अशी आशा निर्माण झाली. परंतु तृषार्ताच्या गरजेवर नफा घेणे धर्म्य आहे काय? पाणी पाजणे हे पुण्य खरे, तथापि पाण्याचे मोल निराळे आणि श्रमाचे, कौशल्याचे मोल निराळे. जो कारागीर कामाआधी दर सांगतो, वायसर बदलून भागत असता नवा नळ गळ्यात मारीत नाही आणि जमाखर्च चोख ठेवतो, त्याचा नफा ही उद्याच्या सेवेची तरतूदच होय. वहीच्या पहिल्या पानावर ‘शुभ’ आधी आणि ‘लाभ’ नंतर लिहितात. हा क्रम जो आचरणात आणतो, त्याचाच व्यवसाय वृद्धिंगत होतो, अशी माझी श्रद्धा आहे.