शकुन आणि नकार

‘शकुन’ या शब्दाचा संस्कृतातील मूळ अर्थ पक्षी. शकुनी, शकुंत, शकुंतला ही त्याच कुळातील नावे. भावी घटनेचे चिन्ह हा अर्थ त्याला पुढे चिकटला. लॅटिनमध्येही पक्षी आणि पाहणे या अर्थांच्या शब्दांच्या जोडणीतून शुभचिन्हाचा वाचक शब्द घडलेला आहे. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातील अखेरची दोन सूक्ते शकुनपक्ष्याला उद्देशून आहेत, तर दहाव्या मंडलातील १६५ वे सूक्त निर्ऋतीचा दूत म्हणून घरात शिरलेल्या कपोताचे निवारण करू पाहते. पक्ष्याचा अर्थ लावणे जितके जुने, तितकीच त्या अर्थाची भीतीही जुनी. इटालियन इतिहासकार कार्लो गिन्झबर्ग यांनी १९७९ साली लिहिलेल्या निबंधात शिकाऱ्याने माग काढणे, शकुन पाहणे, रोगनिदान आणि चित्रपरीक्षा यांना एकाच अर्थनिर्णयनपद्धतीच्या शाखा मानले आहे. त्या निबंधाचा रोख ज्ञानव्यवहारावर आहे. त्याच्या शेजारी एक नैतिक प्रश्न उभा राहतो: ज्या सजीवाला आपण चिन्ह करतो, त्याला आपले वाचन नाकारण्याचा काही अधिकार उरतो काय?

यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील ढाणकीसारख्या गावाच्या परिसरात हा प्रश्न केवळ ग्रंथगत नाही. विदर्भ आणि मराठवाडा यांना विभागणारी पैनगंगा, तिच्या अभयारण्याचे सागवानी रान, कापसाची शेते, आणि आंध, गोंड, कोलाम, बंजारा व मराठी शेतकरी जाती यांची शेजारशेजारची वस्ती, असा हा मुलूख आहे. शेजारच्या आदिलाबादेतील राजगोंडांवरील १९४८ च्या ग्रंथात फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांनी नोंदविले आहे, की तेथील गोंड स्थानिक देवतांचे पौरोहित्य कोलामांकडे सोपवतात. या नोंदीचे महत्त्व असे, की पारलौकिकाशी बोलणे ही तेथे कोणा एकाची प्रतिभा नसून समाजाने सोपविलेले काम आहे. भगताच्या अंगात देव येतो तो गावाच्या किंवा घराच्या गाऱ्हाण्यासाठी. देव गेला की भगत पुन्हा आपल्या औताकडे जातो. मिर्चा एलियादे यांनी १९५१ च्या आपल्या ग्रंथात ज्या सायबेरियन शमनाला आदर्श मानले, तो पिसांचा वेष चढवून स्वतःच पक्षी होतो आणि वर उडतो. आपल्याकडील भगत उडत नाही. तो जमिनीवर घुमत राहतो, आणि यायचे ते बाहेरून येते. पक्षीही तसाच बाहेरून येतो, आणि म्हणूनच न येण्याची मुभा त्याला असते.

ही मुभा सर्वांत स्पष्ट दिसते ती दहाव्याच्या विधीत. नदीकाठी पिंड मांडला जातो आणि माणसे मागे सरकून उभी राहतात. कावळा लगेच शिवला तर प्रश्न मिटतो. न शिवला तर मात्र जे घडते त्याची दखल धर्मशास्त्रापेक्षा साहित्यशास्त्राने अधिक घ्यावी. जमलेले लोक मृताच्या मनाचा पाठ वाचू लागतात. राहिलेले कर्ज, धाकटीचे लग्न, भावाभावांतील बांधाचा तंटा, एकेक गोष्ट उच्चारली जाते आणि प्रत्येकीसोबत जिवंत माणूस एक वचन देतो. हे सारे चारचौघांसमोर बोलले जाते, त्यामुळे ते सहज मागे घेता येत नाही. कावळ्याला यातले काही कळते असे मानण्याचे कारण नाही; त्याची भूक, त्याचा संशय आणि जवळपासचे कुत्रे एवढ्यावर त्याचे येणे ठरते. परंतु विधीचे बळ नेमके याच अज्ञानात आहे. पक्षी कोणाच्याही बाजूचा नसल्यामुळे वारसदारांना त्याचा होकार विकत घेता येत नाही, आणि त्या अडलेल्या अर्ध्या तासात एरवी कधीच न निघालेला शब्द बाहेर पडतो. या प्रथेला भाबडेपणा म्हणणाऱ्यांनी एवढे तरी मान्य करावे, की मृत्युपत्राच्या कोणत्याही नमुन्यात ही सोय नाही.

शास्त्राने अर्थात पळवाटही ठेवली आहे. कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून त्याने पिंडाला स्पर्श करायचा. व्यवहार म्हणून ही दयाबुद्धीची तरतूद आहे. उन्हात किती वेळ उभे राहायचे याला मर्यादा हवी. पण दर्भाचा कावळा कधीच नकार देत नाही, आणि त्याला वचन देण्याची गरज कोणालाही भासत नाही.

पाश्चात्त्य देशांतील आधुनिक चेटूकविद्येचे परीक्षण करताना हा दर्भाचा कावळा वारंवार आठवतो. ब्रिटनमधील चेटूकविषयक जुना कायदा १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ साली जेराल्ड गार्डनर यांनी हा जुना धर्म अद्याप जिवंत असल्याचा दावा ग्रंथरूपाने मांडला. पुढे १९८० मध्ये मानववंशशास्त्रज्ञ मायकेल हार्नर यांनी निरनिराळ्या जमातींच्या विधींतून सामायिक वाटलेला अंश वेगळा काढून शहरी वाचकाला शिकविण्याजोगी शमनविद्या तयार केली. ढोलाचा एकसुरी ठेका, मिटलेले डोळे, आणि अंतःप्रवासात भेटणारा आपला शक्तिप्राणी. तो पुष्कळदा गरुड, घुबड किंवा डोमकावळा असतो. या चळवळीला हसण्यावारी नेणे अन्यायाचे होईल. शतकानुशतके जो शब्द स्त्रियांवर फेकला गेला तो काही स्त्रियांनी स्वेच्छेने धारण केला, यात धैर्य आहे. शिवाय अंतःप्रवासातल्या पक्ष्याचे पंख कोणी उपटत नाही. तरीही तो पक्षी साधकाच्या आतूनच निघतो आणि त्याच्याविषयीच बोलतो. परका राहण्याचे सामर्थ्यच त्याच्यापाशी नसते. प्रत्येक पुस्तकात आपलीच कहाणी सापडणाऱ्या वाचकाची जी गत, तीच येथे.

मात्र दोष केवळ परदेशी नवसाधकांच्या पदरी बांधून भागणार नाही. दसऱ्याला नीळकंठाचे दर्शन शुभ. हा योग रानाच्या मर्जीवर सोपविण्याऐवजी पकडून आणलेला पक्षी पैसे घेऊन दाखविण्याचा धंदा देशात अनेक ठिकाणी चालत आला. घुबडाचे भोग याहून वाईट. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे, पण जादूटोण्यासाठी चालणाऱ्या घुबडांच्या व्यापाराची नोंद वन्यजीव-व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ट्रॅफिक या संस्थेच्या अहवालात २०१० सालीही करावी लागली. पिंजरा आणि सुरी ही दोन्ही नकार काढून घेण्याचीच साधने आहेत. ईव्हान्स-प्रिचर्ड यांनी १९३७ मध्ये वर्णिलेल्या आफ्रिकेतील अझांदे लोकांचा विषकौल क्रूर खराच, पण त्यात एक सावधगिरी आहे. एका कोंबड्याच्या मरणाने मिळालेला निर्णय पक्का करण्यासाठी तोच प्रश्न उलटा करून दुसऱ्या कोंबड्याला विचारतात, आणि त्या वेळी पक्षी जगावा लागतो. कौल चुकू शकतो हे तेथे विधीतच गृहीत आहे.

मराठी कथेत या चिन्हांचे ओझे सर्वाधिक पेलले ते जी. ए. कुलकर्णी यांनी. ‘पारवा’, ‘हिरवे रावे’, ‘सांजशकुन’, ‘पिंगळावेळ’ ही संग्रहांची नावेच पाहावीत. पिंगळा म्हणजे लहान घुबड, आणि त्याची भाषा कळते असे सांगत पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन दारी येणारा जोशीही पिंगळाच. पक्षी आणि त्याचा भाष्यकार यांना भाषेने एकच नाव द्यावे, हे समीक्षकांनीही जरा मनावर घेण्यासारखे आहे. जी.एं.च्या जगात चिन्हे उदंड आहेत, पण त्यांचा उलगडा पात्रांच्या हाती वेळेवर लागत नाही. समीक्षेने त्यांना ‘नियतीची प्रतीके’ म्हणून फार लवकर खुंटीला टांगले. चिन्ह आणि अर्थ यांच्यातील जे अंतर या कथांनी जपले, ते त्या एका शब्दाने बुजून गेले.

‘कावळा शिवणे’ या वाक्प्रयोगाचा दुसरा अर्थ येथे टाळता येत नाही. पिंडाला कावळा शिवला की मृत मोकळा होतो. बाईला ‘कावळा शिवला’ की तिने बाजूला बसायचे. त्या दुसऱ्या अर्थात पक्षी कोठेच नाही, वाचले जाते ते स्त्रीचे शरीर. करणीच्या आरोपाची वाटही हीच. गुरे दगावली, मूल तापाने गेले, छपरावर घुबड बोलले, की अर्थासाठी देह शोधला जातो आणि तो बहुधा एकट्या, विधवा किंवा जमिनीचा तुकडा नावावर असलेल्या बाईचा असतो. तिने नाकारले तर तो कांगावा ठरतो, गप्प राहिली तर कबुली. पिंडाजवळच्या कावळ्याला जेवढी मोकळीक आहे, तेवढीही तिला नाही. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर निघालेला अध्यादेश आणि त्याच वर्षीचा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा यांनी पक्ष्याचा शकुन पाहण्याला हात लावलेला नाही. एखाद्या व्यक्तीवर करणीचा ठपका ठेवून तिचे जगणे कठीण करणे हा मात्र गुन्हा ठरविला. त्यासाठी दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे. परंतु फिर्याद द्यायला तिला त्याच गावातून, त्याच लोकांच्या देखत निघावे लागते, आणि संध्याकाळी परत यावे लागते.