झोळी न घेता

दर उन्हाळ्यात अमेरिकेतल्या चर्चमधून तरुणांचे गट परदेशी निघतात. कुणी ग्वातेमालाला जातं, कुणी केनियाला, कुणी हैतीला. आठ-दहा दिवसांत एखाद्या शाळेच्या भिंती रंगवायच्या, मुलांसाठी सुट्टीतली बायबल शाळा (व्हीबीएस) घ्यायची, औषधांचं शिबिर भरवायचं, संध्याकाळच्या सभेत साक्ष द्यायची आणि परतायचं. रॉबर्ट वुथनाऊ या समाजशास्त्रज्ञांच्या अंदाजानुसार या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत साधारण १६ लाख अमेरिकन ख्रिस्ती दरवर्षी असे जाऊन येत होते. आता आपल्याकडच्या मंडळ्यांतले तरुणही विचारू लागले आहेत, आपणही कुठेतरी बाहेर जाऊन सेवा करावी का? या प्रश्नाचा मला मनापासून आनंद होतो. पण उत्तर देण्याआधी ही कल्पना कुठून निघाली आणि वाटेत तिचं काय काय झालं, हे पाहून घ्यावंसं वाटतं. आठवडाभराची मिशन ट्रिप प्रेषितांच्या काळापासूनची असावी अशा थाटात तिच्याबद्दल बोललं जातं. ती जेमतेम सत्तर वर्षांची आहे.

लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू सत्तर शिष्यांना दोघादोघांनी पुढच्या गावांत पाठवतो. त्यांना दिलेल्या सूचना कितीदा वाचल्या तरी मी तिथे थबकतो. थैली नको, झोळी नको, वहाणा नकोत. ज्या घरात थारा मिळेल तिथेच राहायचं, घरं बदलत फिरायचं नाही, पुढ्यात येईल ते खायचं. प्रवचनांमध्ये या सूचनांतून त्यागाचा धडा काढला जातो. मला त्यात दुसरीच गोष्ट मोठी वाटते. हातात काही नसलेला माणूस पहिल्या संध्याकाळपासून यजमानावर अवलंबून असतो. गावाला त्याची गरज आहे का, हे पुढे कळेल. त्याला गावाची गरज आहे, हे उंबऱ्यावरच उघड होतं. सेवेला निघालेल्यांनी आधी दुसऱ्याची सेवा स्वीकारावी, अशी ही जाणूनबुजून केलेली योजना होती असं मी मानतो. आणि पुढच्या इतिहासात हीच योजना सगळ्यांत आधी विस्मरणात गेली.

काहींनी ती जपली, आणि त्यातले दोघे आपल्या किनाऱ्यावरचे आहेत. परदेशी मिशन म्हटलं की गोऱ्यांनी काळ्यासावळ्यांकडे यायचं, हे चित्र आपल्या डोक्यात इतकं पक्कं आहे की आपण त्यांना विसरतो. वसईचे गोन्सालो गार्सिया कोवळ्या वयात जपानला गेले, तिथली भाषा उत्तम शिकले, मध्यंतरी व्यापारही केला. मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाल्यावर १५९३मध्ये ते दुभाषा म्हणून पुन्हा जपानला गेले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना क्रुसावर चढवलं गेलं त्यांत तेही होते.

दुसरे गोव्याचे जोसेफ वाझ, बाणावलीत १६५१मध्ये जन्मलेले. त्या वेळी सिलोनच्या किनाऱ्यावर डचांचं राज्य होतं आणि कॅथलिक धर्मगुरूंना बंदी होती. वाझ १६८७मध्ये मजुराच्या वेशात जाफन्यात उतरले. उतरले तेच आजारी, हगवणीने बेजार. भीक मागून पोट भरत होते. ज्यांना आधार द्यायला ते गेले होते, त्यांच्याच दयेवर पहिले दिवस निघाले. पुढे ते कँडीच्या राज्यात गेले तेव्हा पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना कैदेत टाकण्यात आलं. तमिळ आणि सिंहली या दोन्ही भाषांत ते काम करू लागले. १६९७मध्ये कँडीत देवीची साथ आली आणि घरच्यांनीही टाकून दिलेल्या रोग्यांजवळ ते राहिले. त्यांना राहू दिलं ते बौद्ध राजाने. १७११मध्ये कँडीतच त्यांचा अंत झाला, आणि २०१५मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत घोषित केलं. वाझ यांच्या पाठीशी राजसत्ता नव्हती, किनाऱ्यावरची डच सत्ता तर विरोधातच होती. यजमानाने नको म्हटलं असतं तर त्यांना निघूनच जावं लागलं असतं. त्यांच्या कामाला जी खोली आली, ती मला यातूनच आलेली दिसते.

एकोणिसाव्या शतकातलं प्रॉटेस्टंट मिशन वेगळ्या घडणीचं होतं, पण आयुष्य वाहण्याची प्रतिज्ञा तिथेही होती. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१२च्या फेब्रुवारीत अमेरिकेतून निघाले आणि कलकत्त्यामार्गे १८१३च्या फेब्रुवारीत मुंबईला पोचले. पोचायलाच वर्ष. परतीचा विचार करून कुणी अशा प्रवासाला निघत नाही. हॉल १८२६मध्ये नाशिकजवळ पटकीने गेले. सिंथिया फरार १८२७मध्ये अविवाहित शिक्षिका म्हणून आल्या, अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या, आणि १८६२मध्ये नगरलाच वारल्या. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं त्यात फरारबाईंचा वाटा होता. या माणसांचं ऋण मी मानतो. ते इथली भाषा शिकले; हॉल आणि फरारबाईंनी तर इथल्याच मातीत देह ठेवले.

तरीही याच काळात पाहुण्याचा घरमालक झाला. बंगला आला, कंपाउंड आलं, पगारपत्रक आलं. ज्याच्या दारी थारा मागायचा तो माणूस आता साहेबांच्या व्हरांड्यात उभा राहू लागला. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभा केला, त्यामागची तळमळ याच उलटापालटीतून आलेली होती.

टिळकांच्या तीसेक वर्षं आधीच मिशनच्या कल्पनेला घाई लागली होती, आणि त्या घाईचा एक धागा कोल्हापुरातून जातो. रॉबर्ट वाइल्डर यांचा जन्म १८६३चा, कोल्हापूरचा. वडील तिथे मिशनरी. १८८६च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मनला विद्यार्थ्यांचं शिबिर भरलं, त्यात वाइल्डर यांच्या खटपटीने १०० विद्यार्थ्यांनी परदेशी मिशनसाठी जाण्याची तयारी जाहीर केली. त्यातून स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट उभी राहिली आणि पुढच्या काही दशकांत सुमारे २०,००० तरुण-तरुणी तिच्यामार्फत परदेशी गेले. एकाच पिढीत साऱ्या जगाला सुवार्ता सांगून पुरी करायची, ही त्यांची घोषणा होती. उत्साह खरा होता. पण आतापर्यंत जो एकेका माणसाचा मुक्काम होता, त्याची आता मोहीम झाली. मोहिमेत संख्या मोजतात आणि मुदत पाळतात. कुणाच्या ओसरीवर बसून त्याचं म्हणणं ऐकायला तिथे सवड नसते.

त्या सवडीची मागणी १९१०मध्ये एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत एका भारतीयाने केली. सुमारे १,२०० प्रतिनिधींमध्ये आशियातले जेमतेम वीस होते. व्ही. एस. अझरय्या हे त्यांपैकी एक, दोन वर्षांनी दोर्नकलचे बिशप होणारे. त्यांनी मिशनऱ्यांच्या त्यागाबद्दल कृतज्ञता व्यक्त केली, आणि मग सांगितलं की तुम्ही धन दिलंत, देह झिजवलेत. आता आम्हांला तुमची मैत्री हवी आहे. सभागृहातल्या अनेकांना ते झोंबलं. माझ्या मते शंभराहून अधिक वर्षांत मिशनबद्दल याहून नेमकं कुणी बोललेलं नाही. मदत देणारा वरच्या पायरीवर राहूनही देऊ शकतो. मैत्रीत त्याला खाली उतरून समोरच्याच्या ताटातलं खावं लागतं.

मग विमान आलं. जॉर्ज व्हर्वर १९५७मध्ये दोन मित्रांना घेऊन सुट्टीत मेक्सिकोला पुस्तकं वाटायला गेले; त्यातून ऑपरेशन मोबिलायझेशन जन्मलं. १९६०मध्ये लॉरेन कनिंगहॅम यांनी यूथ विथ अ मिशन काढलं. पुढच्याच वर्षी केनेडींचं पीस कोअर आलं आणि तरुणांनी काही काळ परदेशी सेवा करावी हा विचार चर्चबाहेरही रुजला. आता जाणारा परतणारच होता. त्याबरोबर हेतूही हळूहळू सरकला. ट्रिपमुळे तुमचं आयुष्य बदलेल, असं सांगितलं जाऊ लागलं. जाणाऱ्याचं आयुष्य. ज्यांच्याकडे जायचं त्यांची गरिबी त्या बदलाचं साधन ठरली, आणि याचं दुःख मला लपवता येत नाही.

पहिला मोठा विरोध चर्चच्या आतूनच झाला. २० एप्रिल १९६८ रोजी मेक्सिकोत कुएर्नावाका इथे इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूंनी सेवेसाठी आलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितलं की परत जा. पाहायला या, शिकायला या, हिंडायला या. मदत करायला येऊ नका. सेवा करायचीच असेल तर आपल्या शहरातल्या गरिबांत करा, म्हणजे ते निदान तुमच्याच भाषेत तुम्हांला चालते व्हा म्हणू शकतील. १९७१मध्ये केनियाचे प्रेस्बिटेरियन नेते जॉन गाटू यांनी अमेरिकेत जाऊन मागणी केली की काही वर्षं, किमान पाच, मिशनरी आणि त्यांचा पैसा थांबवा, आमच्या मंडळ्यांना स्वतःच्या पायांवर उभं राहू द्या.

दोघांचंही फारसं ऐकलं गेलं नाही. १९९८मध्ये मिच वादळाने होंडुरासची वाताहत केली, तेव्हा उत्तर अमेरिकेतून गटांमागून गट घरं बांधायला गेले. तिथे राहणाऱ्या कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञांनी नंतर त्या घरांचा अभ्यास केला. विमानभाडं वगैरे धरून पाहुण्यांनी बांधलेलं एक घर सुमारे ३०,००० डॉलरला पडत होतं. स्थानिक ख्रिस्ती संस्था तसं घर २,००० डॉलरमध्ये बांधत होती. घर कुणी बांधलं यावरून त्यात राहणाऱ्यांच्या आयुष्यात फरक पडलेला दिसला नाही. आणि गवंडीकाम येणारी, काम नसलेली माणसं त्याच देशात होती. २०१०च्या भूकंपानंतर हैतीत तर अमेरिकेहून आलेल्या दहा स्वयंसेवकांना ३३ मुलं सरहद्दीपार नेताना अटक झाली. मुलं अनाथ असल्याचं सांगितलं जात होतं. बहुतेकांचे आईबाप जिवंत होते. तिथल्या भाषेत कुणी त्या मुलांशी नीट बोललं असतं तर ते आधीच कळलं असतं.

एवढं पाहिल्यावर इलिच यांच्यासारखं दार लावून घ्यावं का? मी तिथवर जात नाही, आणि त्याचं कारण आयडा स्कडर आहेत. मिशनरी घराण्यातली ही मुलगी शिक्षण संपवून तमिळनाडूतल्या तिंडिवनमला आली ती आजारी आईच्या मदतीला, थोड्या दिवसांसाठी. मिशनरी व्हायचं नाही असं तिचं ठरलेलं होतं. एका रात्री तीन घरांतले पुरुष, दोन हिंदू आणि एक मुसलमान, पाठोपाठ दारात आले. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडल्या होत्या आणि पुरुष डॉक्टर त्यांना चालणार नव्हता. आयडाला वैद्यकाचं काही येत नव्हतं. सकाळपर्यंत तिन्ही बायका गेल्या. तिने त्या रात्री काहीतरी करून पाहण्याचा आव आणला नाही. ती अमेरिकेला परतली, १८९९मध्ये डॉक्टर झाली, १९००मध्ये परत आली. १९१८मध्ये तिने वेल्लोरला मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली, म्हणजे पुढच्या रात्री दारात येणाऱ्यांना परदेशी बाईची वाट पाहावी लागू नये. मुक्काम थोडा असणं हा दोष नाही. आपल्याला काय येत नाही हे त्या थोड्या मुक्कामात दिसलं का, आणि दिसल्यावर आपण काय केलं, यावर मी त्या प्रवासाची किंमत करतो.

इथे एका आक्षेपाला उत्तर द्यायला हवं, कारण भारतातला वाचक तो घेणारच आणि त्याचा तो हक्क आहे. औषधाच्या गोळ्यांबरोबर धर्म दिला जातो, असं म्हणतात. मी श्रद्धेने ख्रिस्ती आहे, सुवार्ता सांगण्यासारखी आहे असं मानतो, आणि तरीही म्हणतो की औषधाच्या रांगेत सांगितलेली सुवार्ता ही सुवार्ता राहत नाही. तापलेलं मूल कडेवर घेऊन उभ्या असलेल्या आईला नको म्हणता येत नाही. लूकच्या त्याच अध्यायात नकार मिळाला तर काय करायचं तेही सांगितलं आहे: पायांची धूळ झटकून पुढे जायचं. झोळी न घेता आलेल्याला गाव नको म्हणू शकतं, आणि म्हणूनच त्याच्या होकाराला अर्थ असतो. पर्यटक व्हिसावर येऊन प्रचार करणारे गट तर आणखी एक गोष्ट विसरतात. भारतात मिशनरी कामासाठी वेगळा व्हिसा असतो. ते निघून जातात. नंतरच्या चौकशीला स्थानिक पाळक तोंड देतात.

मग जायचं कसं, हे शिकायला आपल्याच देशात उदाहरणं आहेत. मिझोराममध्ये १९१०पासून एक रीत आहे. दर स्वयंपाकाच्या वेळी बायका मूठभर तांदूळ बाजूला काढतात, ते चर्चमध्ये जमा करून विकले जातात, आणि त्या पैशातून मिझो मिशनरी बाहेर पाठवले जातात. गरीब स्वयंपाकघरांच्या मुठीतून निघालेल्या माणसाला आपण कुणापेक्षा वरचे आहोत असं सहसा वाटत नाही. आपल्या मंडळ्यांनी शिकायचं तर टेक्सासकडून शिकण्याआधी ऐझॉलकडून शिकावं.

आणि वेल्लोरकडून. आयडा स्कडर यांच्यानंतर हिल्डा लाझारस या भारतीय डॉक्टरांनी तिथली धुरा घेतली. आज परदेशातले वैद्यकीय विद्यार्थी काही आठवड्यांसाठी तिथे येतात ते शुल्क भरून, शिकायला. कुठल्या वॉर्डात उभं राहायचं, रुग्णाला हात लावायचा की नुसतं पाहायचं, हे तिथले भारतीय प्राध्यापक ठरवतात. नेपाळला जाऊ पाहणाऱ्या आमच्या तरुणांना मी हेच उदाहरण देतो. तिथल्या मंडळीला पत्र लिहा, पण आम्ही येऊन काय काय करू याची यादी त्यात घालू नका. तुमच्याकडे येऊन आम्हांला काय शिकता येईल, आणि आमचा भार तुम्हांला झेपेल का, एवढं विचारा. नकार आला तर तो मनात अढी न ठेवता स्वीकारा. होकार आला तर तिकीट काढण्याआधी नेपाळी शिकायला लागा.